सहा वाजताचं झाकण

ओक-हीबाईंच्या जिभेला हाड नाही, असं कोरियातल्या ग्वांग्जू शहरात त्यांच्या गल्लीत सगळेच म्हणत. त्याच जिभेनं त्यांना नोकरी मिळवून दिली. बावीस वर्षं त्यांनी किमची आणि तोंडीलावण्यांचं दुकान चालवलं आणि मनगटं झिजली तेव्हा बंद केलं. मग कुणीतरी त्यांना एका कंपनीच्या फोकस ग्रुपला नेलं. नवी वस्तू बाजारात येण्याआधी तिचा नमुना आठ-दहा जणींपुढे ठेवायचा आणि त्यांची मतं ऐकायची, असा तो प्रकार. बाकी सगळ्या "छान आहे" म्हणाल्या. ओक-हीबाई म्हणाल्या, "या कुकरची वाफ थेट मनगटावर येते. बनवणाऱ्यानं कधी भात शिजवलाय का?" एकतर्फी आरशाच्या भिंतीमागून बघत बसलेले कंपनीचे साहेब बाहेर आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "यापुढे बैठक तुम्हीच घ्या." आठवी शिकलेल्या बाईला असं कोण म्हणतं? त्या साहेबांचं नाव निघालं की बाईंना अजून भरून येतं.

त्या मंगळवारी टेबलावर प्रेशरचा राइस कुकर होता. तो बनवणारा इंजिनियर दोंग-ग्यू, तिशीतला पोरगा. दोन वर्षं त्यानं यातच घातली होती. शुक्रवारी त्याचे साचे कारखान्यात कापायला जाणार होते. एकदा साचा कापला की त्यातली चूक हजारो घरांत जाऊन बसणार.

आणि या पोरानं सुरुवातीलाच घोळ घातला. चांगल्या घरचा होता, म्हणूनच घातला. सगळ्यात वडीलधाऱ्या, एक्याऐंशी वर्षांच्या जॉम-रे आजींपुढे वाकून त्यानं आधी त्यांनाच विचारलं, "आजी, कसा वाटला?"

"छान आहे हो. किती कष्ट घेतलेत लेकरानं!"

झालं! मोठ्यांनी छान म्हटल्यावर धाकट्यांनी कोणत्या तोंडानं वाईट म्हणायचं? उरलेल्या सात माना एकापाठोपाठ एक डोलल्या. दोंग-ग्यूचा चेहरा खुलला, ओक-हीबाईंचा पडला. त्यांनी त्याला कोपऱ्यात घेतलं.

"अरे शहाण्या, सगळ्यात मोठीला सगळ्यात शेवटी विचारायचं असतं. शिवलीस ना सगळ्यांची तोंडं!"

"मग आता काय करू, काकू?"

"आता गप बस आणि भात लाव."

स्वतः त्यांनी पिशवीतून लसणाचे गड्डे काढून टेबलावर ओतले. "बसलोच आहोत तर सोलू या. जाताना वाटून घ्या." लसूण सोलायला बसलं की बाईची जीभ आपोआप सुटते, ही त्यांची दुकानातली विद्या. दहा मिनिटांत सुना, जावई, गुडघे, सगळ्यांचा समाचार घेऊन झाला. कुकरचं मात्र कुणी नाव काढेना.

भात झाला, कुकरनं त्याची धून वाजवली. जॉम-रे आजी उठल्या, झाकणाच्या फिरवायच्या कडीवर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाल्या, "तूच उघड गं, माझे हात लसणाचे आहेत." शेजारणीचेही हात लसणाचे निघाले. तिच्या शेजारणीचेही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती!

शेवटी ओक-हीबाईंनीच कडी धरली. फिरेना. एरवी दात-ओठ खाऊन त्यांनी ती फिरवायचा आटापिटा केला असता. आज सोडून दिली.

"मला नाही जमत," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "घरच्या कुकरचीही नाही फिरत. कितीदा भात आत असतो आणि मी बाहेर नूडल्स खात बसते."

जिभेला हाड नसलेल्या बाईनं ही गोष्ट पोटच्या लेकीलाही सांगितली नव्हती. ती ऐकून जॉम-रे आजी फिसकन हसल्या.

"अगं वेडे, वॉचमनला बोलवायचं! मी रोज संध्याकाळी सहाला बोलावते. आमचा वॉचमन बांग येतो, झाकण उघडतो, मी त्याला वाडगाभर भात वाढते. बिचाऱ्याला वाटतं, म्हातारीची केवढी माया!"

हशा पिकला आणि सगळ्याच बोलू लागल्या. एक कडीत बत्ता अडकवून फिरवायची. दुसरीचा नवरा गावाला गेला की तिच्याकडे कुकरच लागत नसे. दोंग-ग्यू भराभर लिहून घेत होता. शेवटी तो कमरेत वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. "फार उपकार झाले," तो म्हणाला. साचे थांबवले गेले.

दोन महिन्यांनी त्याच आठ जणी पुन्हा जमल्या. नव्या नमुन्याला कडीच नव्हती. रुंद पट्टी होती, कोपरानं दाबली तरी उघडणारी. प्रत्येकीनं एकेक कुकर महिनाभर घरी नेऊन वापरायचा होता. या वेळी दोंग-ग्यूनं सगळ्यात धाकटीपासून विचारलं. शेवटी आजींची पाळी आली. त्यांनी झाकण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं.

"वाईट आहे," आजी म्हणाल्या.

दोंग-ग्यूनं पुन्हा वही उघडली. "काय चुकलं, आजी?"

"फारच सोपं उघडतंय रे. आता त्या बांगला सहाला काय सांगून बोलवू?"

कुणी हसलं नाही. ओक-हीबाईंचं पेन थांबलं. माणसं आपल्यापुढे इतकं खरं बोलतात, हे आपलं केवढं भाग्य, असं त्यांना वाटलं.

"जेवायला या, म्हणून बोलवा," त्या म्हणाल्या.

आजींनी जरा विचार केला. "नुसतं तेवढ्यासाठी येईल?"

"बोलावून तर बघा."

त्या दिवशी बैठक लवकर आटोपली. आजींनी कुकर फडक्यात बांधून घेतला. त्यांना सहाच्या आत घरी पोचायचं होतं.