खिशातलं झाकण

मी आज जो काही आहे तो पवारसरांमुळे. गावच्या शाळेत त्यांनी सगळं पाठ करून घेतलं, म्हणून मी घरातला पहिला पदवीधर झालो आणि बडोद्याला विमान चालवायला शिकू लागलो.

इथे मला शिकवणारे गुजराती गृहस्थ शहरातल्या समा भागातून स्कूटरवर येतात. तीस वर्षं विमान उडवूनही उड्डाणापूर्वीच्या तपासणीची यादी ते चष्मा लावून, ओळीवर बोट ठेवून वाचतात. मला याचं हसू येई. परवान्याच्या लेखी परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते.

सोमवारी मी प्रथमच एकटा उडणार होतो. विमानाभोवती फिरत मी यादी घडाघडा म्हटली. "इंधनाच्या टाकीचं झाकण बंद."

"बंद छे?" त्यांनी स्वतःच्या खिशातून झाकण काढलं. "मग दीकरा, हे कुणाच्या विमानाचं?"

त्यांनी उड्डाण रद्द केलं, आवाज न चढवता.

मी पवारसरांना पत्र पाठवलं:

"सर, माझं उड्डाण आठवडाभर लांबलं. रागावू नका. नियम सगळे पाठ होते, पण टाकी उघडी होती. यादी अजूनही पाठ आहे. तरी आता एकेका ओळीला थांबून, हात लावून बघतो."