शैलजाताई आणि नसलेले मंत्री

डॉ. शैलजाताई कोतवाल यांची आणि माझी पहिली भेट केंब्रिजहून लंडनला येणाऱ्या गाडीत झाली, ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. बाहेर धुक्यात शेते विरघळत होती. समोरच्या सीटवरच्या बाई काचेकडे पाहत एकेक नाव पुटपुटत होत्या. मला वाटले, जप चालला आहे. मी मराठी आहे हे कळल्यावर हसून म्हणाल्या, "अहो, जप कसला! पेन्शन खात्याचे जुने मंत्री आहेत. क्रम विसरते मी."

ताई इतिहासाच्या प्राध्यापिका. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र मंत्रिपद निर्माण झाले; दुसऱ्या युद्धानंतर काही वर्षांनी ते दुसऱ्या खात्यात विरून गेले. त्या पदाचा इतिहास हे ताईंचे आयुष्यभराचे काम. "मंत्री होते, पण कॅबिनेटच्या टेबलाशी त्यांना खुर्ची किती वेळा मिळाली?" हा त्यांचा आवडता प्रश्न.

मी तेव्हा लंडनच्या इल्फर्ड भागात, लोकांना सरकारी अर्जांत मदत करणाऱ्या एका सल्ला केंद्रात नोकरीला होते. तिथे सॅम्युअलकाका नागावकर आले. मुंबईचे मराठी ज्यू, दुसऱ्या महायुद्धाआधीच इंग्लंडला आलेले, इथल्याच पलटणीतून इटलीत लढलेले. गुडघा तिथेच जायबंदी झाला होता. त्या गुडघ्यासाठी त्यांनी युद्धजखमींचे पेन्शन मागितले होते; संरक्षण खाते त्यांना समाजकल्याणाकडे पाठवी, समाजकल्याण डॉक्टरांकडे. शेवटी ही युद्धातली इजा नव्हेच, असा निर्णय आला. पैशांपेक्षा तो 'नव्हेच' काकांना लागला होता. त्या निर्णयाविरुद्धच्या अपिलात त्यांची बाजू मांडायला मी ताईंना विनंती केली. त्या लगेच तयार झाल्या.

सुनावणीच्या दिवशी काका कडक इस्त्रीचा सूट घालून, पदके लावून आले. काठी त्यांनी बाहेर काढून ठेवलेल्या ओव्हरकोटाखाली लपवली आणि ताठ चालत आत गेले. अध्यक्षांनी विचारले, जिने चढताना त्रास होतो का?

"छे छे, सर. अजिबात नाही."

मध्यंतरात कॉरिडॉरमध्ये ताई म्हणाल्या, "नागावकर, अपिलाला आलात की मुलगी बघायला?"

"मुलगी बघायला गेलो असतो तर चहा तरी मिळाला असता, बाई. साहेबांपुढे काठी टेकत जाऊ? पलटणीत कोणी पाहिलं असतं तर!"

ताई त्यांच्याशेजारी बाकावर बसल्या. उंच खिडकीतून फिकट ऊन येत होते. त्या वेळी तो कॉरिडॉर मला फार लांब, जवळजवळ स्वप्नातला वाटला. ऊन खरेच तसे होते की आठवणीने ते मऊ केले, हे आज मला खात्रीने सांगता येणार नाही. ताईंचे शब्द मात्र पक्के आठवतात.

"तुमच्याबद्दल विचारायला आज कोणी मंत्री नाही. आत बसलेली तीन माणसं आहेत, तीच विचारताहेत. तुम्ही भीक मागत नाही आहात. जखमी शिपाई साहेबाला रिपोर्ट देतो की नाही?"

"देतो."

"मग द्या."

काका काठी घेऊन आत गेले. सॅल्यूट केला आणि उभ्यानेच सांगू लागले: गुडघा कुठे गेला, त्याला बांधले कोणी, आणि तेव्हापासून रोज सकाळी आपण घरचा जिना एकेक पायरी बसत बसत कसे उतरतो. "बायको उठायच्या आत, सर," ते म्हणाले. त्यांच्याबरोबर येऊन मागे बसलेल्या काकूंनी हे तेव्हाच प्रथम ऐकले. ताईंनी मागे वळून काकूंचा हात धरला.

काही आठवड्यांनी ताईंच्या स्टॅनमोरच्या घरी मी चहाला गेले होते, तेव्हा फोन वाजला. पलीकडचा खणखणीत आवाज मलाही ऐकू आला: "बाई, रिपोर्ट मंजूर! युद्धातलीच इजा, असं म्हणालेत!" ताईंनी रिसीव्हर ठेवला आणि माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. जखमी सैनिकांसाठी मंत्रिमंडळात हक्काची खुर्ची असलेला स्वतंत्र मंत्री अजूनही नाही, त्यामुळे त्या पदाच्या इतिहासावरील ताईंच्या ग्रंथाचे शेवटचे प्रकरण कोरे आहे. त्यांची दृष्टी, हात आणि हसू अशीच शाबूत राहोत, तो मंत्री एकदाचा येवो, आणि ते प्रकरण त्यांनी स्वतः, घाई न करता, एखाद्या उन्हाच्या दुपारी लिहून पुरे करावे.