बारा नंबरचा शेवटचा थांबा

लॉजच्या काउंटरवर बसणाऱ्या त्या कारकुनाला सगळे सूचनामास्तर म्हणत. म्हणणारच. खोलीची किल्ली मिळायला दोन मिनिटं लागायची आणि सूचना ऐकायला वीस. शहर पाच भाषांचं, चार लिप्यांचं, गल्ली बदलली की बोली बदलणारं. नवखा माणूस पार गोंधळून जायचा. मग मास्तर चष्मा कपाळावर सरकवून सुरू व्हायचे. मोबाइल खोलीतच ठेवा, गर्दीत हिसकावतात. प्रार्थनेची जागा कुणाचीही असो, चपला आधी काढा. अनोळखी माणसाच्या हातून पाणीसुद्धा घेऊ नका. जो जास्त गोड बोलेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. ही लॉजच्या पत्त्याची चिठ्ठी, चारही लिप्यांत लिहिलेली, ती फक्त पोलिसाला दाखवा. आणि हरवलात तर जागचे हलू नका, परत कुठल्या बसमध्ये चढू नका. मी येतो.

हे 'मी येतो' ते इतक्या ठामपणे म्हणायचे की पाहुणे तिथल्या तिथे निर्धास्त व्हायचे.

आता खरं सांगायचं तर मास्तर स्वतः एकतीस वर्षांत कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापलीकडे गेलेले नव्हते. विसाव्या वर्षी आत्याचा पत्ता खिशात घालून ते या शहरात उतरले, आणि एक गोडबोल्या 'चल, पोहोचवतो' म्हणत त्यांना घेऊन गेला. तिसऱ्या गल्लीत पेटी गेली, पत्ता गेला, माणूसही गेला. पुढचा अख्खा दिवस ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून होते, आणि आजूबाजूचं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. तेव्हा जी भीती मनात ठाण मांडून बसली ती उठलीच नाही. नोकरी लॉजमध्ये, बिऱ्हाड लॉजच्याच मागच्या दोन खोल्यांत, बाजारहाट बायकोकडे. शहराची सगळी माहिती परतलेल्या पाहुण्यांना खोदून खोदून विचारून जमवलेली. चिठ्ठीतल्या चारपैकी तीन लिप्या तर त्यांना वाचताही येत नव्हत्या. चित्र काढावं तशी ते ती अक्षरं गिरवायचे. हे फक्त बायकोला ठाऊक होतं, आणि ती बिचारी कुठे बोलली नाही.

त्या दिवशी सकाळी सात नंबरच्या खोलीतल्या आजी काउंटरवर आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, आयुष्यात पहिल्यांदाच गावाबाहेर पडलेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांची लेक बाळाला घेऊन परदेशातून उतरणार होती, तिला आणायला एकट्याच आल्या होत्या.

"मास्तर, नातवासाठी अंगडं घ्यायचंय. बाजार कुठे?"

"सोपं आहे, आजी. बारा नंबरची बस. शेवटच्या थांब्यावर उतरा, समोरच बाजार." आणि मग सगळ्या सूचना. आजींनी एकेक नीट ऐकली, मोबाइल खोलीत ठेवला, पाण्याची बाटली मात्र काउंटरवरच विसरल्या आणि साडेनऊला निघाल्या.

दोन वाजता बायको पिशवी घेऊन लॉजमध्ये शिरली. "सातनंबरवाल्या आजी जेवल्या का हो?"

"बाजारात गेल्यात. बारा नंबरने."

तिने पिशवी खाली ठेवली. "अहो, बारा नंबर बाजारात जात नाही आता. पूल ओलांडून गोदीकडे जाते. परवा जेवताना सांगितलं होतं की मी तुम्हाला."

सांगितलं होतं. मास्तर 'हं' म्हणाले होते आणि आणखी भात घेतला होता.

गोदीकडचा तो शेवटचा थांबा. वर ऊन रणरणतंय. आणि म्हातारी तिथे उभी असणार, कारण हलू नका असं त्यांनीच बजावलंय. फोन नाही, तेही त्यांनीच सांगितलं. कुणाकडून घोटभर पाणी घेणार नाही, कुणाला चिठ्ठी दाखवणार नाही. मास्तर एकेक सूचना आठवत गेले. त्यांनीच तिला बांधून ठेवलं होतं की.

"मी जाऊन घेऊन येते," बायको म्हणाली.

"तुला ती ओळखत नाही. तुझ्याबरोबर येणारच नाही ती." मास्तर खुर्चीवरून उठले. "मलाच जायला हवं."

बायकोने आजींची बाटली भरून त्यांच्या हातात दिली आणि स्वतः काउंटरवर बसली.

औषधाचं दुकान मागे पडलं तेव्हाच मास्तरांच्या पाठीवरून घाम वाहत होता. बसमध्ये ते जीव मुठीत धरून बसले. शेजारचा माणूस ओळख नसताना हसला, तर यांनी बाटली छातीशी कवटाळली. पूल आला, खाली काळं पाणी आलं, पाट्यांवरची अक्षरं बदलली, पुन्हा बदलली. आजी तिथे नसल्या तर? कुणी गोड बोलून नेलं असलं तर? उद्या त्या लेकीला काय तोंड दाखवायचं? एक मन म्हणत होतं, पुढच्या थांब्यावर उतर आणि पळ. पण पळायचं तरी कुठे, वाट कुणाला ठाऊक होती?

शेवटचा थांबा आला. गोदामांची लांबच लांब रांग, ट्रकांची धूळ आणि एकच चहाची टपरी. थांब्याच्या खांबाला धरून आजी उभ्या होत्या. ओठ सुकलेले, चेहरा लालबुंद. शेजारी प्लास्टिकची खुर्ची रिकामी, खुर्चीवर पाण्याचा भरलेला पेला.

टपरीवाला मोडक्या भाषेत तावातावाने म्हणाला, "तुमची आई का? सकाळपासून उभी आहे. खुर्ची दिली, बसत नाही. पाणी दिलं, घेत नाही. असं सोडतं का कुणी म्हाताऱ्या माणसाला?"

मास्तरांनी बाटली पुढे केली. आजींनी ती त्यांच्या हातातून घेतली, गटागटा प्यायल्या आणि चक्क हसल्या.

"तुम्ही म्हणाला होतात ना, मी येतो म्हणून. म्हटलं, मास्तर आहेत, मग कसली भीती! चला आता."

मास्तर वळले. ज्या बसने आले ती केव्हाच निघून गेली होती. समोर तीन रस्ते फुटत होते. थांब्यावरची पाटी होती, पण ती त्यांनी एकतीस वर्षं नुसत्याच गिरवलेल्या एका लिपीत. त्यांच्या डोळ्यांपुढे ती बंद दुकानाची पायरी आली.

शेवटी त्यांनी आजींच्या पिशवीतून आपल्याच हातची चिठ्ठी काढली आणि टपरीवाल्यापुढे धरली. त्याने ती वाचली, मास्तरांकडे एकदा निरखून पाहिलं आणि गल्ला बंद केला. "परतीची बस मागच्या गल्लीतून सुटते. या माझ्यामागे, दाखवतो."

आजी जागच्या हलल्या नाहीत. "मास्तर, हे तुमच्या ओळखीचे?"

"नाही, आजी."

"मग?"

"मला रस्ता माहीत नाही," मास्तर म्हणाले. "इथला नाही आणि शहरातला कुठलाच नाही."

सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या आजी एकदाही घाबरल्या नव्हत्या. आता मात्र त्या घाबरल्या आणि त्यांनी मास्तरांचा हात घट्ट धरला. टपरीवाला गोदामांमधल्या अरुंद गल्लीत शिरला होता. ती दोघं त्याच्या मागोमाग निघाली.