सावडीला कुणी आलं नाही

तामलवाडीजवळच्या आमच्या गावात ज्वारीची काढणी पैशावर कधीच झाली नाही. ती सावडीवर व्हायची. आज सगळी गल्ली तुमच्या रानात, उद्या तुम्ही त्यांच्या. ज्वारी मुळासकट हातानं उपटायची, तळहाताला फोड यायचे, पण एकमेकांची चेष्टा करत पात, म्हणजे वाट्याला आलेली ओळ, कधी उरकली ते कळायचं नाही.

आता गल्लीतली धडधाकट माणसं सगळी पुण्याला. कुणी टेम्पो चालवतं, कुणी सोसायटीच्या गेटवर बसतं, कुणी बांधकामावर. माझा धाकटा भाऊही तिकडंच, एका खोलीत पाच जण. शहरं वाढतायत म्हणजे देश पुढं चाललाय, असं टीव्हीवर सांगतात. चालला असेल. आमच्या गल्लीत मात्र दाराला कुलपं आहेत आणि ती बघून माझं डोकं फिरतं.

शेवटची ज्वारी पेरली त्या वर्षी शेजारच्या काकीचं रान आम्ही आधी काढून दिलं. आमची पाळी यायच्या आत तिच्या पोराला पुण्यात खोली मिळाली आणि ती गेली. मी भावाला फोन केला, "चार दिवस या की रं सगळे."

"दादा, खाडा केला की दुसरा माणूस उभाच असतो हितं," तो म्हणाला. "कोण येणार?"

म्हणजे तिकडं एका कामाला दहा माणसं आणि इकडं दहा कामांना एक नाही. मी आणि बायको दोघंच उपटत राहिलो. निम्मी निघाली आणि अवकाळी पाऊस आला. उभी ज्वारी काळी पडली. पुढच्या वर्षीपासून हरभरा, कारण तो मशीननं निघतो. ज्वारी नाही म्हणून कडबा नाही, कडबा नाही म्हणून म्हैस विकली. ज्या घरानं गल्लीला ताक वाटलं, त्या घरात आता चहाला पिशवीचं दूध येतं, आणि ज्वारी बाजारातून.

गेल्या उन्हाळ्यात भावाकडं गेलो होतो. त्यानं हौसेनं हॉटेलात जेवायला नेलं. दारात शोभेची बैलगाडी, भिंतीवर सुपं टांगलेली. आमच्या गावात बैल उरले नाहीत, गाडी इथं उभी. आणि समोर चुलीपुढं भाकरी थापायला बसलेली आमच्या शेजारची काकी.

तिनंच मला आधी ओळखलं. "आवंदा ज्वारी कशी हाय?"

"पेरतच न्हाय, काकी. काढायला कोण हाय?"

तिनं भाकरी उलटली. मग तव्यावरची भाकरी घेऊन स्वतः उठली आणि माझ्या ताटात ठेवली. "तुझी सावड ऱ्हायलीय माझ्याकडं. लई दिवसाची. खा."

मी सगळी खाल्ली. निघताना गल्ल्यावरच्या माणसानं तीही भाकरी बिलात धरली, आणि भावानं मुकाट्यानं पैसे दिले.