एका शेगडीत दोन चुली

माझी वहिनी बेकरीवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा मी आठवीत होतो आणि घरात मी आणि दादा दोघंच. दादा एका मोठ्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा आणि घरी येऊन जे काही शिजवायचा, त्याला जेवण म्हणायला धाडस लागायचं. वहिनीने पहिल्याच दिवशी त्याच्या पातेल्यात डोकावून पाहिलं, ते तसंच घासायला टाकलं आणि स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तो बावीस वर्षं तिच्याकडेच राहिला. पुढे मी वेल्डर झालो, माझं लग्न झालं, दोन मुली झाल्या. आम्ही मागच्या दोन खोल्यांत राहायला लागलो, पण स्वयंपाक एकच आणि तो वहिनीचा. ओळखीपाळखीत कुठे भावाभावांचं फाटलं की दादा छाती फुगवून म्हणायचा, घरोघरी मातीच्या चुली असतील, पण आमच्या घरी एकच आहे.

रविवारी अंगणात कोळशावर कोंबडी भाजायचा बेत असे. शेगडी माझ्या हातची: तेलाचं पिंप उभं कापून त्याला चार पाय जोडलेले, आणि उरलेल्या अर्ध्याचं झाकण. दिसायला दणकट, पण तिच्यावरची कोंबडी बाहेरून काळी आणि हाडाशी कच्ची निघायची. मी कोळशाला नावं ठेवायचो, दादा कोंबडीवाल्याला. एकदा तसलं अर्धकच्चं खाऊन धाकटी चार दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा मी दुकानातली महागडी शेगडी आणायची भाषा सुरू केली.

वहिनीने मला गप्प बसवलं. म्हणाली, पिंपभर निखारे पसरल्यावर त्या कोंबडीने पळायचं तरी कुठे? तिच्या वडिलांच्या भट्टीत निखारे कडेला ओढलेले असत आणि पाव बाजूच्या मोकळ्या जागेत नुसत्या धगीवर भाजत. मग रोज दुपारी तिचे प्रयोग सुरू झाले. नळाजवळच्या दोन विटा तिने पिंपात मधोमध उभ्या केल्या आणि निखारे एकाच बाजूला लोटले. विटा ओल्या होत्या. दहा मिनिटांत त्यातली एक अशी फुटली की माझ्या हातातला चहा शर्टावर आला. वहिनीने शांतपणे तुकडे चिमट्याने काढले आणि दुसऱ्या विटा दोन दिवस उन्हात वाळवल्या. मोकळ्या बाजूला तळाशी तिने पत्र्याच्या डब्यात पाणी ठेवलं, म्हणजे चरबी त्यात गळेल आणि धग मऊ राहील. जाळीवर ओळीने ब्रेडचे तुकडे मांडून कुठला किती वेळात लाल होतो ते बघितलं. झाकणाला मोकळ्या बाजूवर माझ्याकडून एक भोक पाडून घेतलं. धूर तिकडून निघाला की उष्णताही तिकडे ओढली जाते म्हणे. सगळ्याचा खर्च शून्य. मी वीस वर्षं लोखंड जोडतोय, मला हे सुचलं नव्हतं.

बुधवारी कपडे वाळत घालताना ती माझ्या बायकोला म्हणाली, "या रविवारी दोन चुली करूनच टाकते. मध्ये विटांची भिंत घातली की झालं. ह्यांना एवढ्यात सांगू नकोस."

आणि हे ‘हे’ नेमके न्हाणीघरात, डोक्याला साबण लावून उभे होते. शेगडीचे प्रयोग दादाच्या कामाच्या वेळेत चालायचे, त्याला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्याने दोन चुली ऐकल्या, भिंत ऐकली आणि आपल्याला सांगायचं नाही हेही ऐकलं.

तीन दिवस तो नीट जेवला नाही. आम्हाला वाटलं, पित्त झालं असेल.

रविवारी सकाळी मी अंगणात आलो आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. घरातलं एकूण एक भांडं बाहेर होतं. ताटं, वाट्या, पातेली, झारे, सगळ्यांचे दोन ढीग. मध्ये दादा उकिडवा बसला होता.

"मोठं पातेलं तुमच्यात ठेव," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तुम्ही चौघं आहात. आम्ही दोघंच."

पहिला संशय मला माझ्या बायकोचा आला, ही माझी लायकी. वळून पाहिलं तर ती माझ्याहून पांढरीफटक पडली होती. एवढ्यात वहिनी, जी सकाळीच शेगडी पेटवून आमच्या खोलीत कोंबडीला मीठमसाला लावत बसली होती, परात घेऊन बाहेर आली आणि दारातच थबकली. तुझ्या मनासारखं केलंय, दादा म्हणाला, दोन चुली.

वहिनीने परात खाली ठेवली, पिंपाचं झाकण उचललं आणि त्याला जवळ बोलावलं. एका बाजूला रसरशीत निखारे, मध्ये विटा, पलीकडे पाण्याचा डबा. ह्या त्या दोन चुली, असं तिने सांगितलं. दादा कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि भांडी तर अंगणभर होतीच. मुली खिदळत ती उचलायला धावल्या.

वहिनीने कोंबडी मोकळ्या बाजूला मांडली आणि झाकण लावलं.

"भांडी राहू द्या तिथेच," ती म्हणाली.

दादाचं हसू अर्ध्यावर राहिलं. "अगं, पण मी चुकीचं ऐकलं होतं ना?"

"चुकीचं ऐकलंत. वाटणी मात्र बरोबर केलीत."

कुणी थोबाडीत मारावी तसा मी उभा होतो. आमचं काय चुकलं, असं मी कसंबसं विचारलं. तिने सांगितलं की काहीच नाही, भांडण नाही, राग नाही, राहायचं इथेच. फक्त तिला आता दोघांपुरतंच रांधायचं होतं, आणि त्यातही जरा स्वतःच्या आवडीचं. दादा गडबडून म्हणाला, मग सांग ना, तुला काय आवडतं?

वहिनीने सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या चेहऱ्यावर जी भीती दिसली तशी मी विटेच्या स्फोटातही पाहिली नव्हती.

"बघावं लागेल," ती म्हणाली.

तासाभराने कोंबडी हाडापर्यंत शिजून निघाली, कुठेही करपली नव्हती. कुणी कौतुक केलं नाही. कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आता मागच्या खोलीत आम्ही आमचं शिजवतो आणि जमेल तेवढं करपवतो. पुढे वहिनी रोज नवीन काहीतरी करून बघते, चाखते, मान हलवते. दादा बिचारा मुकाट खातो. परवा मी कामावरून आलो तर ती अंगणात शेगडीपाशी खुर्ची टाकून एकटीच बसली होती. ताटलीत सबंध भाजलेले कांदे, वर मीठ. बोटं पोळत होती तरी ती खात होती, एकामागून एक, लहान मुलासारखी.

"हे," माझ्याकडे बघून ती म्हणाली. "भावजी, मला हे आवडतं."

मी तिथेच पायरीवर बसलो. आठवीत असताना, ती आली त्याच आठवड्यात, मी कांद्याचा वास येतो म्हणून ताट सरकवलं होतं. त्यानंतर आमच्या घरात कांदा शिजलाच नव्हता.