रिपोर्टमध्ये नसलेली नऊ मिनिटं

मी नेदरलँड्सच्या लष्करात सहा वर्षं होतो. त्यातली पहिली तीन लष्करी अकादमीत गेली. सैनिकाच्या आठवणी म्हटलं की लोकांना परदेशातली मोहीम आणि गोळीबार ऐकायचा असतो. मोहीम माझ्याही वाट्याला आली. तिथून माझी सगळी प्लाटून धडधाकट परत आली. माझा एकच माणूस गेला, आणि तो अकादमीच्या फुटबॉल मैदानावर, भर दुपारी. हे मराठीत लिहितो आहे, कारण त्या दिवशी जे बोललो ते मराठीतच बोललो.

अकादमीत सकाळी पावणेसहाला उठणं, साडेसहाला खोलीची तपासणी, मग वर्ग. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी पाचला फुटबॉल. तिसऱ्या वर्षी मी संघाचा कप्तान झालो आणि तेव्हा माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मी बाराव्या वर्षी आईबाबांबरोबर अ‍ॅमस्टेलव्हीनला आलो, त्यामुळे माझं मराठी शाबूत होतं. आमचा सेंटर बॅक अनिकेत माझ्या एक वर्ष मागे होता. त्याचा जन्म इथलाच, घर आल्मेरेला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर यायचं ते डचमध्ये. माझ्या आईने दिलेला चकल्यांचा डबा तो दोन दिवसांत एकटा फस्त करायचा आणि वर विचारलं की साळसूदपणे "कुठल्या चकल्या?" म्हणायचा, तेही डचमध्येच.

मैदानावर मी त्याला मराठीत ओरडायचो. "डावीकडे सरक." "पुढे ये." तो हलायचा आणि समोरच्यांना पत्ता लागायचा नाही. बाकीचे खेळाडू आमच्या मराठीला वायरलेस कोड म्हणायचे. मला त्याचा भारी अभिमान होता.

वर्षातला मोठा सामना नौदलाच्या कॅडेट्सशी. त्या आठवड्यात आमच्याकडे कोणी आजारी असल्याचं कळवत नसे. तसा हुकूम नव्हता. पण सामन्यातून बाहेर बसलेल्याला पुढे वर्षभर मेसमध्ये टोमणे खावे लागत. मीही ते मारलेले आहेत.

दुपारी दोनला सामना सुरू झाला. चाळिसाव्या मिनिटाला टॉमने गोल केला. तीनला दुसरा हाफ सुरू होईपर्यंत आमचे तिन्ही बदली खेळाडू वापरून झाले होते. तीन बारा. कॉर्नर. अनिकेत आणि त्यांचा फॉरवर्ड एकाच चेंडूला उडाले. डोक्यावर डोकं आपटलं. अनिकेत खाली पडला आणि अर्ध्या मिनिटाने उठून बसला.

आमची मेडिक सार्जंट एल्स धावत आली. शिस्तीची बाई. तो भानावर आहे का ते बघायला तिने डचमध्ये विचारलं, "कितवा हाफ? स्कोअर किती? गोल कोणी मारला?"

अनिकेत माझ्याकडे बघत राहिला. त्याला माहीत नव्हतं. मी गुडघ्यावर बसलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूत घालतो तशा आवाजात मराठीत म्हणालो, "दुसरा. स्कोअर एक-शून्य. गोल टॉमने मारला."

त्याने तेच डचमध्ये म्हटलं.

"काय सांगितलंस त्याला?" एल्सने मला विचारलं.

"धीर दिला, सार्जंट."

तिने त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. एका पायावर उभं केलं. तो उभा राहिला. "ठीक. जरा काही वाटलं तर बाहेर. लगेच." तो बाहेर गेला असता तर आम्ही दहाजण उरलो असतो. माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

तीन छत्तीस. चेंडू लाइनबाहेर गेला होता. अनिकेत माझ्याजवळ आला. एरवी तो मला आडनावाने हाक मारायचा.

"दादा, डोकं फार दुखतंय. मला बाहेर घे."

मराठीत म्हणाला. जवळ तिघेजण उभे होते, एकालाही कळलं नाही. मला कळलं.

"नऊ मिनिटं राहिलीत," मी म्हणालो. "जागेवर जा."

तो गेला. तीन चाळीसला एक उंच चेंडू आला, फार जोराचा नव्हता. त्याने तो डोक्याने बाहेर काढला आणि तिथेच कोसळला. एल्स रेडिओवर बोलत होती ते अजून ऐकू येतं. "कॅडेट एक. बेशुद्ध. डोक्याला मार. अ‍ॅम्ब्युलन्स पश्चिम गेटने. आत्ता." तीन त्रेपन्नला त्याला उचललं. तिसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये तो गेला.

चौकशी झाली. मी एक पानी रिपोर्ट दिला. त्यात टक्कर होती, तपासणी होती, वेळा अचूक होत्या. मी त्याला सांगितलेली उत्तरं नव्हती. तीन छत्तीस नव्हतं. एल्सवर ठपका आला नाही, पण तिने मेडिकचं काम सोडलं आणि स्टोअर्समध्ये बदली मागून घेतली. कॅन्टीनच्या रांगेत मी दोनदा तिच्या मागे उभा होतो. बोललो नाही. भित्रा होतो, दुसरं काही नाही.

पुढे मोहिमेवर माझ्या एका जवानाने डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. मी त्याला त्याच क्षणी ड्यूटीवरून काढलं, तीन दिवस. त्याला साधी सर्दी होती. त्यानंतर मला गप्प राहणं जमेना.

परत आल्यावर पहिल्या शनिवारी सकाळी अकराला मी आल्मेरेला गेलो. अनिकेतच्या आईवडिलांना सगळं क्रमाने सांगितलं. काका ऐकता ऐकता उठले आणि वरच्या खोलीत गेले. काकू बसून राहिल्या.

"तुला दादा म्हणाला?"

"हो, काकू."

"मराठीत?"

"हो."

"आमच्याशी कधी बोलायचा नाही. ताप आला, कुठे लागलं, की तेवढं मराठी यायचं त्याच्या तोंडातून." मग म्हणाल्या, "तुला कळायला हवं होतं."

"कळलं होतं, काकू," मी म्हणालो. त्यांनी मला दार दाखवलं नाही, मीच उठलो.

सोमवारी कमांडंटच्या टेबलावर नवा रिपोर्ट ठेवला आणि प्रत घेऊन स्टोअर्समध्ये गेलो. एल्सने उभ्यानेच दोनदा वाचली. "मी तुला विचारलं होतं," ती म्हणाली. "त्याच वेळी, तिथेच विचारलं होतं." मी माफी मागितली. तिने कागद घडी करून खिशात ठेवला आणि कामाला लागली. चार महिन्यांनी मी लष्कर सोडलं.

आता झूटरमेरला राहतो. चार मेला संध्याकाळी आठ वाजता अख्खा देश युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं थांबतो. ट्राम थांबतात, माणसं सायकलवरून उतरतात. अनिकेत त्यांच्यात मोजला जात नाही. मी त्या दोन मिनिटांत त्याचंच नाव घेतो. त्याच्यासमोर शत्रू नव्हता. तो माझ्या हुकमावर गेला.