मावशीची घुगरी

भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती म्हणजे अल्लीपूरची मावशी. नात्यानं ती माझी कोणी नव्हे, घरमालकीण. सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नर्स म्हणून तिथे रुजू झाले आणि तिच्या पुढच्या खोलीत राहू लागले. लसीची पेटी खांद्याला लावून चार गावं पायी तुडवून यावं, पोटात कावळे ओरडत असावेत, पातेलं चुलीवरून उतरलेलं डोळ्यांना दिसत असावं, आणि मावशीनं म्हणावं, "निवू दे." मला फार राग यायचा. थकलेल्या माणसाला राग लवकर येतो, आणि त्या काळात मी कायमच थकलेली असे.

"निवू दे" हे खरं तर घुगरीसाठी होतं, बाकी पदार्थांना ते सवयीनं लागायचं. तिची घुगरी म्हणजे अख्खी ज्वारी. रात्री भिजवायची, पहाटे शिजवायची, निथळून धुवट धोतरावर पसरायची आणि मग हातावर हात ठेवून बसायचं. तोवर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, निखाऱ्यांवर वाडीतली वांगी, कांदे, लाल कोहळ्याच्या फोडी आणि मिरच्या भाजून निघत. दाणा हाताला गार लागला की मगच सगळं परातीत एकत्र व्हायचं. वरून ठेचलेला लसूण घातलेलं जवसाचं तेल आणि मूठभर सांभार. कोथिंबीर म्हटलेलं मावशीला कळत असे, पण आवडत नसे. "गरम दाणा झाकला का त्याले घाम सुटते," ती सांगायची. "मंग दुपारपर्यंत तो काही आपला राहत नाई."

दसरा उलटला की तिच्या चार एकरांतला कापूस फुटायचा. पहिल्या वेचणीला सीतादही करायची, म्हणजे पऱ्हाटीची पूजा करून दहीभात शिंपडायचा, आणि दुपारी वेचणाऱ्या बायांना घुगरी. मजुरी सगळ्यांकडे सारखीच, पण बाया आधी मावशीच्या शेतात येत, त्या घुगरीसाठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नाही, मुलगी लांब दिलेली. फुटलेला कापूस वेळेत घरात आणायला तिच्याजवळ ही एक परात होती. स्वतः मात्र ती सगळ्यात शेवटी जेवायची. शेवटची बाई पाणी पिऊन उठल्याशिवाय तिनं घास घेतलेला मी पाहिला नाही.

माझंही त्या गावात बस्तान बसलं ते तिच्यामुळेच. त्या वर्षांत सरकारी दवाखान्याची पेटी दिसली की बाया लेकरांना घेऊन दारं लावत. सुईनं काय काय होतं, याच्या गोष्टी ऐकून मलाच भीती वाटावी. पहिले तीन महिने मी बंद दारांशी बोलत होते. मग एकदा मावशीची मुलगी बाळंतपणाला आली, आणि मावशीनं आपल्या नातीचा दंड सगळ्या आळीसमोर माझ्यापुढे धरला. "टोच," म्हणाली, "पण घाई करू नको." त्यानंतर एकेक दार उघडलं.

तिसऱ्या वर्षी नेमकी सीतादहीच्या आदल्या दिवशी ती तापानं फणफणली. मी गोळ्या दिल्या, पांघरूण घातलं आणि ऐटीत म्हणाले, "उद्याची घुगरी मी करते." तिनं डोळे मिटूनच विचारलं, "थांबता येईन तुले?" मी हसले. दिवसभर फिरून पाय भरून आलेले होते. पहाटे ज्वारी शिजवली, वांगी भाजली, आणि दाणा निवायची वाट पाहायला अंगात त्राणच उरलं नाही. थोडी वाफ गेल्यासारखी वाटली तशी सगळं कालवलं, वर दुसरी परात उपडी घातली, फडकं बांधलं आणि बैलबंडीत चढवून दिलं. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय.

दुपारी मी शेतात पोचले, तर माझ्या मनाई हुकमाला न जुमानता मावशी तिथे येऊन बसलेली. फडकं सोडलं आणि आंबूस वास आला. दाणे चिकट झालेले, तार सुटलेली. अठरा बाया पहाटेपासूनच्या उपाशी, गाव तीन मैलांवर. शेवंता नावाची जुनी बाई ताटली हातात धरून नुसती उभी राहिली. मी तोंड उघडणार तोच मावशीनं परातीत हात घातला, सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला, गिळला आणि म्हणाली, "मायाच हातून झालं हे. तापात भान नाई राह्यलं. खाऊ नका वो."

दोघी-चौघींच्या फडक्यांत चटणी-भाकरी निघाली, ती सगळ्यांनी वाटून खाल्ली. दुसऱ्या दिवशी सात जणी आल्या नाहीत. मावशीचा हात गेला, थकली आता ती, असं विहिरीवर बोलणं झालं. उरलेला कापूस ती अंगात कणकण घेऊन स्वतः वेचत राहिली, आणि मी सुट्टीच्या दिवशी तिच्या मागच्या ओळीत, खाली मान घालून.

अशाच एका संध्याकाळी मी म्हटलं, "मी सांगून टाकते सगळ्यांना. माझ्यानं नाही सहन होत."

"काऊन?" ती भिंतीला टेकून बसली होती. "माया हात गेला म्हणतेत, तं म्हणू दे. सात बाया कमी येतेत. तुया हात गेला म्हटलं का मंग? सिस्टरले धीर नाई, सिस्टर घाई करते, हे समजलं का कोण लेकरू आणन तुयाजवळ?" मग पांघरूण ओढून घेत, "इतकी मेहनत करून दारं उघडली ना पोरी. राहू दे."

मी राहू दिलं. पुढे माझी बदली जाम या गावी झाली. निघताना मावशीनं जवस तेलाची बाटली हातात ठेवली आणि म्हणाली, "येत जाजो." मी गेलेही, पण वर्षाकाठी एकदा-दोनदा. तिच्याकडे पाहिलं की ते न सांगितल्याचं ओझं पुन्हा अंगावर यायचं.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं तेव्हा ती गेली. तेरवीला मी शेवंताला बाजूला घेतलं आणि इतक्या वर्षांचं सांगून टाकलं. ती पत्रावळ्या पुसत होती. तिनं हात थांबवले नाहीत.

"आमाले माईत होतं," ती म्हणाली. "नव्या बाया गेल्या, आमी जुन्या राह्यलो ना. मावशीनं जन्मात कधी गरम दाणा झाकला होता का?"

"मग लेकरं कशी आणली माझ्याकडे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी सुई धरल्यावर लेकरांच्या आया पाहत, तसं.

"तुमच्या हातचं नासलेलं तिनं आमच्या देखत पयलं खाल्लं. अन् तिचा नेम तं शेवटी जेवाचा होता, तो तिनं तुमच्यासाठी मोडला. मंग आमी काय समजाव बाई?"

मी खाली बसले आणि तिच्याबरोबर पत्रावळ्या पुसू लागले. आत तेरवीचा भात उतरला होता, वाढायची घाई चालली होती. मी तिथूनच सांगितलं, जरा निवू द्या.